दर हजारी: विडीच्या सुपातून किमान वेतनाकडे बघताना

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.)



नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. किमान वेतनाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. छोटा कारखानदार म्हणतो, "वाढवा की दर. चारच्या जागी तीन माणसं ठेवीन." आणि कंत्राटी कामगार म्हणतो, "कागदावर वाढतंच हो. हातात किती पडतं ते विचारा." हे भांडण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शंभर वर्षं चालू आहे आणि दोन्हीकडे मोठमोठी नावं आहेत. आज मला ते नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने तासभर गेलं की लागणाऱ्या सिन्नरमध्ये बघायचंय. सिन्नरची विडी. म्हणजे बायकांच्या मांडीवरचं सूप.

विडीच का, तर १९४८ च्या किमान वेतन कायद्याला जी उद्योगांची यादी जोडली होती, तिच्यात तंबाखू आणि विडीचं काम पहिल्यापासून होतं. दुसरं म्हणजे सिन्नर-नाशिकच्या भिकुसा यमासा क्षत्रिय या विडी कारखानदारांचं नाव सुप्रीम कोर्टाच्या निकालांत आजही वाचायला मिळतं, आणि तेही नेमकं किमान वेतनाच्या खटल्यात. आणि तिसरं, वाढवलेला दर मालकाच्या हातून निघून कामगाराच्या हातात पडेपर्यंत वाटेत कुठे कुठे गळतो, हे या धंद्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. तेंदूची, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची पानं आणि जर्दा कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून मोजून मिळतो. पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, सुपातला जर्दा चिमटीने भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस-पंचवीसची बंडलं करून दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन द्यायची. मजुरी दर हजारी. हजार विड्यांत अख्खा दिवस जातो, आणि त्यात पानं भिजवण्या-कापण्याचा वेळ कुणी वेगळा मोजत नाही. तिथे एक माणूस बसलेला असतो. तो बंडलं चाळतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला म्हणतात छाट. हा शब्द लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आता जरा लांब जाऊ, कारण घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांना किमान वेतन द्यायची कल्पना काही आपल्याकडे जन्मली नाही. इंग्लंडमध्ये १९०९ साली ट्रेड बोर्ड्स ॲक्ट झाला. त्यात जे मोजके धंदे घेतले त्यातला एक होता साखळ्या बनवण्याचा. बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथ गावात बायका घरामागच्या छोट्या भट्टीवर हातोडा मारून लोखंडी साखळ्या घडवत. बोर्डाने १९१० मध्ये तासाला अडीच पेन्स असा दर ठरवला. अनेकींच्या कमाईच्या तो जवळजवळ दुप्पट होता. मालकांनी काय केलं? या बायकांपुढे कागद ठेवले, की आम्हाला हा दर सध्या नको, सही करा. कायद्यात तशी पळवाट होती. कित्येकींना वाचताच येत नव्हतं. मग मेरी मॅकआर्थरच्या नेतृत्वाखाली दहा आठवडे काम बंद राहिलं, आणि एकेक करत सगळ्या मालकांनी दर मान्य केला. दर ठरला त्या दिवशी तो मिळाला नाही. तो मिळायला दहा आठवड्यांचा संप लागला.

आपल्याकडे वेळ लागला. १९२९ ते ३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरने विडीच्या कोंदट खोल्यांची आणि तिथे काम करणाऱ्या पोरांची दखल घेतली. १९४४ मध्ये द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. तिने विडी-सिगारेट धंद्यावर स्वतंत्र अहवालच दिला. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं ते मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. नाशिककरांना काळाराम सत्याग्रह माहीत असतो, येवल्याची घोषणाही माहीत असते. हे विधेयक फारसं कुणी आठवत नाही. कायदा होईपर्यंत १९४८ उजाडलं, देश स्वतंत्र झाला होता आणि मजूरमंत्री जगजीवनराम होते.

या कायद्यात एक बाब फार शहाणपणाची होती. 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत घरी माल नेऊन काम करणाऱ्यालाही धरलं होतं. म्हणजे कारखान्याच्या चार भिंतींत बसा किंवा स्वतःच्या ओट्यावर, दर हजारी किमान मजुरी लागू. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात मात्र तसं नव्हतं. तिथे सुट्टी, कामाचे तास, हवा-उजेड हे सगळं कारखान्यातल्या 'वर्कर'ला. घरच्या बाईला काही नाही. दोन कायदे, दोन व्याख्या. मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मजुरीचा दर दोन्हीकडे तोच द्यावा लागणार, मग बाकीचा खर्च टाळायला काम घरीच का पाठवू नये? म्हणूनच विडी घराघरांत शिरली त्याचं सगळं खापर किमान वेतनावर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओढ होती ती दोन व्याख्यांमधल्या फटीची.

आणि कारखान्यात बसणाऱ्यांचं तरी काय? शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात प्रश्न होता पगारी रजेचा. विडी वळणारा माणूस कारखान्यात बसायचा, पण कधीही यावं, कधीही जावं अशी मोकळीक होती. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर १९६१ मध्ये बहुमताने सांगितलं की हा कारखाना कायद्यातला 'वर्कर' नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं. गंमत म्हणजे वर्षभरापूर्वीच, बिरदीचंद शर्मा यांच्या नागपूरच्या खटल्यात, याच कोर्टाने विडी वळणाऱ्यांना 'वर्कर' मानलं होतं, कारण तिथे कारखान्याच्या वेळेत यावं लागायचं. तेच सूप, तीच कात्री. फरक फक्त हजेरीच्या वेळेचा.

आता छाट.

मुंबई सरकारने ११ जून १९५८ रोजी विदर्भातल्या विडी कामासाठी किमान मजुरीची अधिसूचना काढली. ज्याने कोणी ती लिहिली त्याला धंदा आतून माहीत असणार. कारण नुसता दर देऊन तो थांबला नाही. पुढच्या कलमांत छाट किती काढायची, तिचे पैसे कसे द्यायचे, वाद झाला तर निकाल कोण देणार, हेही घातलं. का घातलं ते साध्या हिशेबाने सांगतो. हे आकडे माझे, समजण्यापुरते. समजा दर हजारी एक रुपया आहे आणि छाट ५ टक्के. हजार वळल्या, ९५० चे पैसे मिळाले, म्हणजे ९५ पैसे. आता सरकारने दर १० टक्के वाढवला, एक रुपया दहा पैसे केला. मालकाने छाट १० टक्क्यांवर नेली. आता पैसे ९०० विड्यांचे, म्हणजे ९९ पैसे. दरवाढ १० टक्क्यांची आणि हातात वाढ ४ टक्क्यांची. बरं, बाजूला काढलेल्या विड्या बहुधा मालकाकडेच राहायच्या. त्यातही पानं कमी किंवा किडकी दिली तर हजाराची भरती करायला बाईने पदरचे पैसे घालून पान विकत आणायचं. ही तर विडी कामगारांची देशभरची जुनी तक्रार आहे. कुठेही कायदा मोडल्याचं दिसत नाही. रजिस्टरमध्ये नवा दर झळकतो.

गोंदियाच्या विडी, विडीपत्ता आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेने या अधिसूचनेला आव्हान दिलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, कामगार कायद्यातलं आपल्याकडचं बहुधा सगळ्यात मोठं नाव. दर ठीक, पण छाटीची कलमं, ३ ते ७, रद्द. तर्क असा: सरकारला मजुरीचा दर ठरवायचा अधिकार आहे, मालक-कामगारांमधल्या कराराच्या बाकी अटी या कलमाखाली बदलता येणार नाहीत. कायद्याच्या अक्षरात हे बरोबर असेल, मी वकील नाही. पण परिणाम बघा. सरकार दर ठरवू शकतं, विड्या मोजणाऱ्या हाताला मात्र शिवू शकत नाही. मला विचाराल तर किमान वेतनाच्या इतिहासातला हा सगळ्यात शिकवणारा निकाल आहे, आणि त्याच्याबद्दल बोलतं फार कमी जण.

तिसरी गळती नकाशावरची. भिकुसा यमासा क्षत्रिय विरुद्ध संगमनेर-अकोला तालुका विडी कामगार युनियन, सुप्रीम कोर्ट, १९६२. (इथला अकोला म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नव्हे.) वादाचा एक मुद्दा होता वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळा किमान दर ठरवणं समतेच्या तत्त्वाला धरून आहे का. कोर्ट म्हणालं, आहे. राहणीचा खर्च, स्थानिक परिस्थिती जागोजाग निराळी असते, तेव्हा दरही निराळा असू शकतो. ऐकायला पटतं. पण विडीचं काम उचलून न्यायला काय लागतं? पानाचं पोतं, जर्द्याची पिशवी आणि एक टेम्पो. सिन्नर आणि संगमनेर एकाच हमरस्त्यावर आहेत. साखर कारखाना कमी दराच्या गावी हलवता येत नाही, विडी हलते. परिमंडळांची रेघ म्हणजे माल कुठे न्यायचा त्याची खूण.

ही रेघ राज्याची असली तर काय होतं ते केरळने दाखवलं. १९६६ मध्ये संसदेने विडी आणि सिगार कामगारांचा खास कायदा केला आणि घरी वळणाऱ्यांनाही त्यात घेतलं. छाटीला मर्यादा आली. नियमांत ती साधारण ५ टक्क्यांची होती. १९६१ ला जे सरकारला जमलं नाही ते संसदेने केलं, आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला. पण केरळ सरकारने तो सगळ्यांच्या आधी, १९६८ मध्ये लावला. तेव्हा कन्नूर भागात काम देणारी सर्वांत मोठी कंपनी होती मंगळूर गणेश बीडी. तिने ऑक्टोबर १९६८ मध्ये केरळातला पसारा गुंडाळला. सुमारे १२ हजार लोक एका फटक्यात बेकार. काम कर्नाटकात गेलं, तिथे कायदा अजून लागू व्हायचा होता. टपरीवरचा कारखानदार म्हणतो ते इथे शब्दशः घडलं, आणि किमान वेतनाची बाजू घेणाऱ्यांनी हे उदाहरण लपवू नये असं मला वाटतं. त्यापुढचं उदाहरण दुसऱ्या बाजूनेही लपवू नये. १५ फेब्रुवारी १९६९ ला त्याच बेकार कामगारांनी केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था सुरू केली. कायद्याची मजुरी आणि सवलती देऊन ती दशकानुदशकं चालली आणि भर काळात तिथे ४० हजारांवर लोक काम करत होते. म्हणजे धंद्याला तो दर झेपत होता. कंपनीला शेजारी स्वस्त दार उघडं दिसत होतं, एवढंच.

पुस्तकातला वाद आता थोडक्यात उरकतो. जुना सिद्धांत सरळ आहे: वस्तूचा भाव वाढला की मागणी घटते, मजुरीही भावच. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकानं तपासली आणि १९९४ मध्ये लिहिलं की न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्या नाहीत. त्यावर जोरदार टीका झाली, आकडे पुन्हा तपासले गेले, वाद अजून मिटलेला नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. नोकऱ्या का घटत नसाव्यात याचं एक उत्तर सिन्नरच्या पूर्व भागात, त्या कोरड्या पट्ट्यात, सहज समजतं. शेतीला पाणी नाही, घर सोडून जाता येत नाही, आणि गावात काम देणारा ठेकेदार एकच. अशा ठिकाणी मजुरी बाजारभावाने ठरत नाही, एकट्या गिऱ्हाइकाच्या मर्जीने ठरते. त्याने ती मुळातच दाबलेली असते. ती थोडी वर केली तर तो काम बंद करत नाही, त्याचा नफा कमी होतो.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचं माप ठरवलं. माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, जळण वगैरे. कुटुंब धरलं तीन 'एककां'चं: पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रत्येकी. कमावणारा एकच, आणि बायको-मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. हेतू चांगला होता, एकट्याच्या पगारात घर चाललं पाहिजे. पण हे चित्र घेऊन विडीच्या घरात जा. तिथे बाईच वळतेय, आणि कितीतरी घरं तिच्यावरच चालतात. तरी तिच्या मजुरीकडे सगळ्यांनी वरकड म्हणून बघितलं. 'घरी बसल्या बसल्या चार पैसे.' दर कमी राहिला यात या चार शब्दांचा वाटा कोर्टाच्या निकालांपेक्षा कमी नसावा.

मालक खासगी असला की असं होतं, सरकार असतं तर झालं नसतं, असं कुणाला वाटत असेल तर १९८८ आठवा. आपली रोजगार हमी योजना, वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: मागेल त्याला काम. (तुमच्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर कापलेला दिसतो ना, तो या योजनेसाठीच १९७५ मध्ये लावला गेला. अंबडच्या कामगाराचं आणि पेठ-सुरगाण्याच्या मजुराचं हे नातं कुणी सांगत नाही.) १९८८ मध्ये शेतमजुरीचं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याबरोबर रोहयोची मजुरीही. त्यानंतर कामांवरची हजेरी मोठ्या प्रमाणात घसरली. लोकांना दुप्पट मजुरी नको होती की काय? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये याचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा की काम मागणारे होते, कामच तेवढं दिलं जात नव्हतं. मागेल त्याला काम हे कागदावर तसंच राहिलं, पण कामांची संख्या तिजोरीच्या मापाने कापली गेली. विडी कारखान्यात छाट, सरकारकडे न निघालेलं काम.

मग माझं मत काय, असं विचारणारे श्रोते असतातच. दर वाढवावा, याबद्दल मला शंका नाही. किमान वेतन देणं परवडत नाही ही सबब चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यातच सांगितलंय, आणि ते मला पटतं. पण दर शेजारच्या तालुक्यात, शेजारच्या राज्यात निराळा ठेवून वाढवला तर केरळची पुनरावृत्ती होणार. आणि मोजणाऱ्यावर लक्ष न ठेवता वाढवला तर गोंदियाची. आज अंबडमध्ये कंत्राटदाराकडून पगार बँकेत जमा होतो आणि त्यातले काही रोख परत मागितले जातात अशा तक्रारी कामगार करतात. नाव छाट नाही, पण काम तेच.

१९४८ चा कायदा आता इतिहासजमा झाला. २०१९ च्या वेतन संहितेने त्याची जागा घेतली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती अंमलात आली. तिच्यात पूर्वीची उद्योगांची यादी नाही, किमान वेतन सगळ्याच कामांना आहे. देशासाठी एक तळ-वेतन ठरवायची आणि राज्यांनी त्याच्या खाली जायचं नाही अशी तरतूदही आहे. तळ-वेतन भागाभागाप्रमाणे वेगळं असू शकेल, अशी मुभाही त्याच कलमात आहे. सिन्नर-संगमनेरची रेघ तिथे अजून आहे.

पुढच्या भागात निपाणीला जाऊ. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या लढ्यांकडे, आणि सीमेच्या पलीकडे मराठी बोलणाऱ्या कामगाराला दर कुठल्या राज्याचा लागायचा या प्रश्नाकडे. तोवर नमस्कार.